घरातले चोरकप्पे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे आता अशी परिस्थिती आहे की आलेला पाहुणा आधी भिंत ठोकून बघतो आणि मग पाणी मागतो. गेल्या काही वर्षांत घरात जिथे जिथे पोकळी सापडली तिथे तिथे मी काही ना काही करून घेतलंय, काही सुताराकडून, काही स्वतः, आणि त्यातले निम्मे प्रयोग एकदा तरी फसलेत. प्रश्न सगळ्यांचे तेच तेच असतात म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतेय.

चोरकप्पा म्हणजे तिजोरी का?

नाही, आणि इथेच सगळी गल्लत होते. लोक "छुपं स्टोरेज" म्हणतात तेव्हा दहातल्या नऊ जणांना पसारा डोळ्यांआड करायचा असतो, सुटकेसी, जास्तीच्या उशा, घडीची शिडी, इस्त्रीचा बोर्ड असलं काहीतरी. दहाव्याला खरंच काहीतरी लपवायचं असतं. ही दोन कामं वेगळी आहेत. पसारा लपवायचा तर कप्पा मोठा हवा, हवा खेळती हवी आणि तो एका हाताने उघडायला हवा. किमती वस्तू लपवायची तर कप्पा छोटा हवा आणि तो उघडायला थोडी कटकट असली तरी चालते, उलट असलेली बरी. दोन्ही एकाच कप्प्यात बसवायला गेलात की रजई काढताना रोज कागदपत्रांची फाइल खाली पडते. स्वानुभव.

घर आधीच खच्चून भरलंय, जागा येणार कुठून?

टेप आणि टॉर्च घ्या आणि रिकाम्या हाताने घरभर फिरा. कपाटात काय आहे ते बघायचं नाही, कपाटाच्या मागे, खाली आणि वर काय नाहीये ते बघायचं. ओट्याखालच्या कपाटांच्या पायथ्याशी चार इंचांची पट्टी असते, तिच्या मागे पोकळी. वॉर्डरोबचा माथा आणि सिलिंग यांच्यात फूट-दीड फूट. सोफ्याचं बूड, बहुतेक सोफे खालून नुसत्या कापडाने झाकलेले असतात. जिन्याखाली. खिडकीखालची बसायची जागा. दाराच्या वरची भिंत, तिथे कुणाची नजर जातच नाही. फ्रिज आणि भिंत यांच्यातली पाच-सहा इंचांची फट, तिच्यात चाकांची उभी ट्रॉली सरकते, फक्त फ्रिजच्या कंपनीने हवेसाठी जेवढी जागा सोडायला सांगितलीय तेवढी सोडूनच.

सगळ्यात मोठी पोकळी मात्र पलंगाची. सहा बाय साडेसहा फुटांचा पलंग आणि आत फूटभर खोली धरली तर ३९ घनफूट होतात, म्हणजे साधारण ११०० लिटर. मोठ्या फ्रिजच्या जवळजवळ दुप्पट. आणि बऱ्याच घरांत तिथे काय असतं तर एक जुनी बॅग आणि धूळ.

ओट्याच्या खालच्या पट्टीमागे खरंच ड्रॉवर बसतो?

बसतो, आणि माझा सगळ्यात लाडका कप्पा तोच आहे. कपाटं पायांवर उभी असतील तर ती पुढची पट्टी बऱ्याचदा नुसती क्लिपांवर अडकवलेली असते, खालून बोटं घालून ओढली की हातात येते. आत टॉर्च मारा. पाय कुठे आहेत, पाण्याचा पाइप कुठून जातो, गॅसचा पाइप आहे का, वायर आहे का, ते सगळं कागदावर काढा आणि मगच माप घ्या.

मापाचा हिशोब असा. उंची चार इंच असली तरी ड्रॉवरच्या आत मिळते अडीच, फार तर तीन, कारण वर-खाली सैल जागा ठेवावी लागते. रुंदीत नेहमीचं टेलिस्कोपिक चॅनल, म्हणजे ज्यावर ड्रॉवर सरकतो ती पट्टी, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच खातं, म्हणजे चोवीस इंचांच्या पोकळीत ड्रॉवर बाहेरून तेवीसचा, आणि बाजूच्या फळ्या १२ एमएमच्या धरल्या तर आतून जेमतेम बावीस. तेवढ्यात बेकिंगचे ट्रे, चॉपिंग बोर्ड, रोल, उरलेल्या टाइल्स, चपटं जे जे काही असेल ते ते मावतं.

माझी चूक सांगते. मी ड्रॉवरची पुढची पट्टी जमिनीला अगदी टेकवून घेतली कारण दिसायला छान. पहिल्याच आठवड्यात पोछ्याचं पाणी खालून आत गेलं, प्लायची कड फुगली आणि ड्रॉवर अर्ध्यावर अडकून बसला, ना आत ना बाहेर, दोन दिवस सगळे त्याला ठेचकाळत होते. आता पट्टी जमिनीपासून दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर आहे आणि कडेला एज बँड, म्हणजे प्लायची कड झाकणारी पट्टी, नीट मारलेला आहे. दुसरं, सिंकच्या खाली हा उद्योग नको, तिथे आज ना उद्या गळतंच. आणि बिल्ट-इन फ्रिज किंवा ओव्हनच्या खालच्या पट्टीला जाळी असेल तर तिला हात लावू नका, ते मशीन तिथूनच श्वास घेतं.

पलंगाला गॅस पंप घेऊ की ड्रॉवर?

गॅस पंप म्हणजे गादीसकट झाकण उचलून धरणारा दांडा. पलंगाच्या बाजूला दोन फूट मोकळी जागा असेल तर ड्रॉवर, नसेल तर पंप. ड्रॉवरचा फायदा हा की गादीवर कुणी झोपलेलं असतानाही उघडतो. पंपवाल्या पलंगात आतली सगळी जागा वापरता येते पण प्रत्येक वेळी चादर विस्कटते, त्यामुळे तिथे महिन्यातून एकदा लागणाऱ्या गोष्टीच ठेवायच्या.

पंपावर न्यूटनमध्ये आकडा लिहिलेला असतो. १००० न्यूटन म्हणजे ढोबळ मानाने शंभर किलोचा रेटा, पण म्हणून तो शंभर किलोची गादी उचलेल असं नाही, कारण पंप बिजागरीच्या जवळ बसतो आणि गादीचं वजन लांबवर पसरलेलं असतं. दाराला बिजागरीजवळ ढकलून बघा म्हणजे कळेल. गादी बदललीत तर पंपही बदलावा लागू शकतो, हे विकणारा सांगत नाही. गादी हलकी झाली की झाकण बंदच राहत नाही, जड झाली की अर्ध्यावर थांबतं किंवा खाली येतं. नवा पंप ट्राय करताना गादी टाकूनच ट्राय करा, आणि जुना पंप ढिला पडला असेल तर झाकणाखाली डोकं घालण्याआधी एक लाकडी टेकू लावा. हसू नका, लावाच.

भिंतीत कप्पा काढता येतो का?

आधी भिंत कसली आहे ते बघा. ठोकल्यावर पोकळ आवाज आला आणि आत लाकडी किंवा मेटलची फ्रेम असेल तर तुमचं नशीब. अशा भिंतीत उभे खांब सहसा १६ इंचांवर असतात, मध्य ते मध्य, काही ठिकाणी २४ वर. १६ वाल्यात दोन खांबांमधली मोकळी जागा साडेचौदा इंच आणि खोली साडेतीन इंच मिळते. साडेतीन इंच ऐकायला कमी वाटतात पण बाटल्या, औषधांचे डबे, किल्ल्या, पुस्तकं, चार्जर, सगळं एका ओळीत राहतं आणि एका ओळीत असल्यामुळे मागे काही हरवत नाही.

विटांची भिंत असेल तर मात्र हात आवरा. चार इंची पडदीत खोबण काढली तर पलीकडे पापुद्रा उरतो. नऊ इंची भिंत बऱ्याचदा वरचं ओझं घेत असते. कॉलम, बीम आणि काँक्रीटच्या भिंती, यांना तर छिन्नी लावायचा विचारसुद्धा नको, कुणी "थोडंसंच काढू" म्हणालं तरी. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, सुताराला आणि शेजाऱ्याला विचारून भागणार नाही.

मग काय करायचं? भिंत आत खणायची नाही, पुढे आणायची. म्हणजे अख्ख्या भिंतीवर चार-पाच इंच खोलीची फ्रेम, त्यावर पॅनेल, आणि त्यातली काही पॅनेल उघडणारी. खोली चार-पाच इंच लहान होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही कारण भिंत सरळच दिसते. दहा फूट लांब, आठ फूट उंच आणि आतून चार इंच मोकळी अशी भिंत धरा, साडेसव्वीस घनफूट झाले, फळ्या वजा करून पंचवीस. सातशे लिटर जागा! आणि भिंत होती तशीच शाबूत.

ड्रिल मारताना वायर नाही ना लागणार?

लागू शकते. वायर शक्यतो स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडवी जाते, पण "शक्यतो" या शब्दावर जीव टांगू नका, जुन्या घरांत तिरक्या वायरीही मी बघितल्यात. भिंतीतली वायर शोधणारा डिटेक्टर फिरवा, मेन स्विच बंद करा, आणि बाथरूमला लागून असलेली भिंत असेल तर पाण्याच्या लाइनी कुठून गेल्यात ते आधी शोधा.

आरशामागे कप्पा कसा वाटतो?

छान. सोपा, स्वस्तातला आणि रोज वापरला जाणारा. आरसा जड असतो तेव्हा बिजागऱ्या दोनच्या जागी तीन लावा, किंवा वरपासून खालपर्यंत अखंड जाणारी पियानो बिजागरी.

जिन्याखाली काय करता येईल?

जिन्याखालचा त्रिकोण लोक एक मोठं दार लावून बंद करतात आणि तिथेच चुकतात. दार उघडलं की समोरचं दिसतं, मागच्या तीन फुटांत जे गेलं ते गेलं. त्यापेक्षा बाजूने बाहेर येणारे उंच ड्रॉवर करा, पहिला बुटका, मग मोठा, मग त्याहून मोठा, जिन्याच्या उताराप्रमाणे. तीन फूट खोल ड्रॉवर भरल्यावर बऱ्यापैकी जड होतो, त्यामुळे नुसत्या चॅनलवर विसंबू नका, खाली चाकं द्या.

पायऱ्यांच्या उभ्या फळीतच ड्रॉवर काढायची आयडिया फोटोत भारी दिसते. पायरीची उंची सहा-सात इंच असते, चपला मावतात. पण हे फक्त लाकडी जिन्यात, तेही बाजूच्या तिरक्या फळ्यांना धक्का न लावता, कारण जिना त्यांच्यावर उभा असतो. काँक्रीटच्या जिन्यात विषयच नाही. आणि उघडा राहिलेला पायरीचा ड्रॉवर अंधारात दिसत नाही हे लक्षात असू द्या. जिना बिल्डिंगचा, सगळ्यांचा असेल तर त्याच्याखाली काहीच ठेवायचं नाही, आग लागली तर सगळे तिथूनच पळणार.

फॉल्स सीलिंगच्या वर सामान ठेवलं तर?

नको. जिप्समचा बोर्ड साडेबारा एमएमचा, तो आणि त्याची फ्रेम स्वतःचं आणि दिव्यांचं वजन पेलायला टांगलेली असते. तुमच्या बॅगेचं नाही. माळा वेगळा, त्याला खाली आधार असतो.

हँडल नाही तर दार उघडायचं कसं?

सगळ्यात कॉमन म्हणजे पुश कॅच, दाबलं की दार बाहेर येतं. त्याला आत दबायला जागा लागते, दाराभोवती एक सूत फट ठेवावीच लागते, आणि मग प्रश्न येतो की फट दिसते. ती लपवायची नाही, वाढवायची. म्हणजे सगळ्या पॅनेलवर तश्शाच फटी द्या, खऱ्या आणि खोट्या. एकच फट असली की डोळा तिथेच जातो, वीस असल्या की ती डिझाइन होते. ही एक गोष्ट मला सुतारकाकांनी शिकवली आणि नंतरचे सगळे कप्पे त्यावरच चाललेत.

पुश कॅचचा एक तोटा, गुडघा लागला तरी उघडतो. आमच्याकडे ओट्याखालच्या ड्रॉवरला मी पुश कॅच लावला, पायाच्या अंगठ्याने उघडायचा, मस्त चालायचं. मग रोबो व्हॅक्यूम आला. तो बिचारा पट्टीला जाऊन धडकायचा, ड्रॉवर टक्कन बाहेर, हा मागे, परत धडक, ड्रॉवर आत. रात्री किचनमध्ये टकटक टकटक, घरात कुणी शिरलंय असं वाटून मी झाडू घेऊन गेले होते. आता तिथे साधी बोट घालायची खाच आहे.

मॅग्नेटवालं लॉकही मिळतं, लहान मुलांसाठी विकतात तेच, आतून कडी आणि बाहेरून चुंबक टेकवला की सुटते. पाऊण इंची फळीतूनसुद्धा काम करतं. चुंबकाची चावी मात्र हरवणार हे गृहीत धरून दुसरी एक कप्प्याच्या बाहेर ठेवा. बाहेर. मी आत ठेवली होती.

पुस्तकांच्या कपाटामागचं गुप्त दार करायचंय, जमेल?

हा प्रश्न विचारताना प्रत्येकाचे डोळे चमकतात. जमतं, पण वजनाचा हिशोब करा. पुस्तकांची एक मीटरची रांग सहज २५-३० किलो भरते, असे पाच कप्पे म्हणजे सव्वाशे-दीडशे किलो, वर लाकूड वेगळं. साध्या बिजागऱ्या हे पेलत नाहीत, दार खाली बसतं आणि जमिनीवर अर्धगोल ओरखडा उमटतो, सगळं गुपित त्या ओरखड्याने फुटतं. म्हणून खाली-वर पिव्हट, म्हणजे दार ज्यावर फिरतं ती खुंटी, लावतात, वजन थेट जमिनीवर जातं. शिवाय कपाट खोल असेल तर फिरताना त्याचा कोपरा चौकटीला अडतो, म्हणून सहा ते आठ इंच खोलीचंच करा आणि वरच्या कप्प्यांत हलकं सामान ठेवा.

आणि जिथे कुणी झोपतं त्या खोलीचा हा एकमेव दरवाजा असता कामा नये.

हे सगळं जुनंच आहे ना? राजवाड्यांत वगैरे?

जुनं आहेच. इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथच्या काळात कॅथलिक पाद्र्यांवर बंदी होती, तेव्हा निकोलस ओवेन नावाचा सुतार श्रीमंतांच्या वाड्यांत त्यांना लपायला जागा करून द्यायचा, रात्री, एकट्याने, घरातल्या नोकरांनाही पत्ता न लागू देता. १६०६ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये छळ होऊन तो मेला पण जागा सांगितल्या नाहीत. अॅमस्टरडॅममध्ये १९४२ साली अॅन फ्रँक ही ज्यू मुलगी आणि बाकीचे सात जण नाझींपासून ज्या खोल्यांत लपले होते त्यांच्या दाराला पुस्तकांचं फिरतं कपाटच लावलेलं होतं. आणि फर्निचरमधली हौस बघायची तर जर्मनीतले रोंटगेन बापलेक, अठराव्या शतकात त्यांनी अशी कपाटं बनवली की एक किल्ली फिरवली की कप्प्यातून कप्पे आपोआप बाहेर येत. आपला इस्त्रीचा बोर्ड त्यापुढे किरकोळच.

कप्प्यातल्या सामानाला कुबट वास येतो, काय करू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि याच्यावर मी सगळ्यात जास्त पोळलेय.

खिडकीखाली बसायला बाकडं करून घेतलं होतं, झाकण उचललं की आत खोल पेटी. भिंत बाहेरची. सगळ्या जाड रजया धुऊन, घडी घालून, कोंबून भरल्या, झाकण इतकं फिट बसलं की कागदसुद्धा आत जाणार नाही, मला केवढा अभिमान. चार महिन्यांनी झाकण उघडलं आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास नाकात गेला. वरच्या रजया ठीक होत्या. खालच्या दोन भिंतीला चिकटलेल्या, आणि जिथे चिकटल्या होत्या तिथे करडे ठिपके, नखाएवढे, बोट लावलं की पसरणारे. प्लायच्या मागच्या बाजूलाही तेच. एक रजई आईच्या हातची होती. ती गेली.

काय झालं होतं ते नंतर कळलं. बाहेरची भिंत थंड पडते, कप्प्यातली हवा कोंडलेली, त्यातला दमटपणा त्या थंड भिंतीवर बसतो, आणि हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रणच. फिट झाकण हीच चूक होती.

आता माझी पद्धत अशी आहे. बाहेरच्या भिंतीपासून सामान इंच-दोन इंच लांब, मध्ये लाकडी पट्ट्या मारून घ्यायच्या म्हणजे चिकटायची सोयच नको. हवेला आत यायला खाली भोकं आणि बाहेर जायला वर भोकं, नुसती एकाच जागी केली तर उपयोग नाही. सुताराकडे बिजागरीच्या कपासाठी ३५ एमएमचं बिट असतंच, त्यानेच पाडून घ्या आणि मागून बारीक जाळी लावा, नाहीतर झुरळांना आयतं घर. भोकासमोर टिश्यू पेपर धरून बघा, किंचित तरी हलायला हवा. आत एक छोटं आर्द्रता मीटर टाकून ठेवा.

सिलिका जेलच्या पुड्या चालतात पण त्या ओलावा पिऊन भरल्या की निकामी होतात, वाळवून परत वापराव्या लागतात, लोक एकदा टाकतात आणि वर्षानुवर्षं विसरतात. डांबराच्या गोळ्या पलंगाच्या पेटीत टाकू नका, त्यांची वाफ तुमच्याच नाकाखाली रात्रभर येत राहते आणि ती चांगली नाही. कसर लागू नये म्हणून खरं औषध एकच, कपडे धुऊन, पूर्ण वाळवून ठेवायचे. व्हॅक्यूम बॅग सुती कपड्यांना ठीक, पण पिसांच्या रजया त्यात वर्षभर दाबून ठेवल्या तर परत नीट फुगत नाहीत.

दागिने आणि कागदपत्रं चोरकप्प्यात ठेवावीत का?

घाईतला चोर बेडरूमचं कपाट, गादी आणि ड्रेसिंग टेबल आधी उपसतो, त्यामुळे तिथून बाहेर काढलंत तरी अर्धं काम झालं. पण चोरकप्पा म्हणजे फक्त वेळकाढूपणा, संरक्षण नाही. छोटी तिजोरी असेल तर ती भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट मारून पक्की करा, नाहीतर चोर न उघडताच काखोटीला मारून नेतो.

आगीचं वेगळं. लाकडी कप्पा आगीत काहीच वाचवत नाही. कागदासाठीच्या फायर सेफचं, म्हणजे आगीत टिकणाऱ्या तिजोरीचं, एक प्रचलित रेटिंग असं असतं की ठरलेल्या वेळापुरतं आतलं तापमान १७७ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, आणि डेटाच्या डिस्कसाठीचं रेटिंग त्याहून कडक, ५२ अंशांचं. म्हणजे कागदाच्या सेफमध्ये हार्ड डिस्क ठेवलीत तर कागद वाचतील आणि डिस्क जाईल. शिवाय असल्या सेफमध्ये दमटपणा साठतो, कागद झिपवाल्या पिशवीत घालून ठेवा आणि अधूनमधून उघडा.

आणि कप्प्याची जागा घरातल्या आणखी एका तरी विश्वासाच्या माणसाला माहीत हवी. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण मूठ झाकणारा आजारी पडला तर त्या सव्वा लाखाचा पत्ता कुणालाच नाही.

लहान मुलं आहेत, काही काळजी?

हो. वरून उघडणाऱ्या पेटीला बाहेरून आपोआप लागणारी कडी कधीच नको. मुलं लपाछपीत आत बसतात, झाकण पडतं, आतून उघडत नाही आणि हवा संपते. झाकण जिथे सोडाल तिथे थांबेल असा सपोर्ट लावा, हवेची भोकं ठेवा, आणि स्वतः आतून ढकलून बघणं शक्य नसेल तर हात घालून बघा की ते आतून सहज उघडतं का. बोटं चेंगरू नयेत म्हणून कडेला रबराचे बंपर. छोटी चुंबकं मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळली तर पोटात फार मोठं नुकसान करतात. उंच कपाटं भिंतीला बांधा, ड्रॉवर उघडे टाकून मुलं शिडी करतात.

काय अजिबात ठेवू नये?

लिथियम बॅटऱ्या, पॉवर बँक, जुने फोन, विशेषतः फुगलेले. रंग, थिनर, स्प्रे. चार्जिंगला लावलेलं काहीही, बंद कप्प्यात चार्जर तापतो. आणि गॅसचा व्हॉल्व, पाण्याचा मेन कॉक, इलेक्ट्रिकचा बोर्ड यांच्यावर सुंदर पॅनेल मारून ते लपवायचं असेल तर पॅनेल हाताने, हत्याराशिवाय, दोन सेकंदांत निघालं पाहिजे आणि घरातल्या प्रत्येकाला ते माहीत पाहिजे. बोर्डासमोर सामान नको.

भाड्याचं घर आहे, भिंतीला हात लावता येत नाही.

मग फर्निचर हेच तुमचं घर. पेटीचा पलंग, आतून पोकळ पुफ म्हणजे बसायचा मुढा, उघडणारं सेंटर टेबल, पलंगाच्या पायांखाली उंचवट्याचे ठोकळे, पलंगाखाली चाकांच्या चपट्या पेट्या, कोपऱ्यात पडदा. कपाट भिंतीपासून आठ इंच पुढे ओढलं तरी मागे सुटकेस उभी राहते, फक्त ते पुढे कलंडणार नाही असं बघा. ओट्याखालची क्लिपवाली पट्टी काढून मागे नुसते ट्रे सरकवले तर भोकही पाडावं लागत नाही.

सुताराला काय सांगायचं?

"छुपा कप्पा करा" असं सांगू नका. वस्तू आणून समोर ठेवा, ही सुटकेस, हा बोर्ड, ही शिडी, आणि म्हणा की हे आत जायला हवं आणि आडवं न करता बाहेर यायला हवं. चॅनल किती किलोचं ते विचारा, नेहमीचं टेलिस्कोपिक ३५ ते ४५ किलोचं असतं. ओलीच्या जागी मरीन प्लाय. दार उघडल्यावर समोरच्या दाराला आपटतं का ते पुठ्ठा कापून बघा, मी नाही बघितलं आणि माझा एक ड्रॉवर वॉशिंग मशीनचं दार उघडं असेल तर उघडतच नाही, कायमचा.

ठेवलेलं नंतर सापडतच नाही. उपाय?

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आमच्याकडे एकाच मापाची दोन ड्रिल मशीन आहेत, कारण पहिलं इतकं छान लपवलं होतं.

मी आता कप्पा करायच्या आधी एकच गोष्ट मोजते, वस्तू हातात येईपर्यंत किती हालचाली कराव्या लागतात. पॅनेल दाबलं, वस्तू उचलली, दोन. तिथे रोजचं सामान. गादी उचल, वरची बॅग काढ, मागची पेटी ओढ, झाकण उघड, चार. तिथे वर्षातून एकदा लागणारं, आणि कधी लागणार ती तारीख माहीत असलेलं. चारच्या वर गेलं की मी तिथे काही ठेवत नाही, मग ती कितीही सुरेख पोकळी असो. "कधीतरी लागेल" असली वस्तू चोरकप्प्यात गेली की ती परत कधी लागत नाही, लागली तरी आठवत नाही, आणि आपण त्या वस्तूसाठी फुकट लाकूड, बिजागऱ्या आणि कष्ट घालवलेले असतात. ती देऊन टाका.

बाकी फोनमध्ये प्रत्येक कप्प्याचा उघडलेला फोटो काढून ठेवा. यादी लिहायचा कंटाळा येतो, फोटोला एक सेकंद. सामान बदललं की नवा फोटो, जुना डिलीट.

उद्या कप्पा नको झाला, तर परत पहिल्यासारखं करता येईल?

पॅनेल आणि पट्ट्या स्क्रूवर असतील तर हो, फेव्हिकॉलने चिकटवल्या असतील तर नाही. म्हणून सुताराला आधीच स्क्रू म्हणून सांगा. आणि काढलेली मूळची पट्टी, सनमायकाचा उरलेला तुकडा, जास्तीच्या क्लिपा फेकू नका, काही वर्षांनी तोच रंग परत मिळत नाही. माझे तुकडे पलंगाच्या डाव्या खणात उभे ठेवलेत, प्रत्येकाच्या पाठीवर मार्करने लिहून, किचन, खिडकी, पॅसेज. खिडकीच्या बाकड्याचा तुकडा अजून कोराच आहे, ते झाकण मी परत फिट करणार नाहीये.